बेसबॉलमधील चेंडूफेक्या : एकाचा भार अनेकांवर

अमेरिकेंतील बेसबॉलच्या खेळांत ‘पिचर’, म्हणजे चेंडू फेकणारा गडी, हा संघाचा मुख्य आधार होय. क्रिकेटमध्यें षट्क संपतांच गोलंदाज बदलतो. येथें एकच गडी सलग फेकीत राहतो, आणि एकदां मैदानाबाहेर काढला कीं त्या सामन्यांत परत येत नाहीं. म्हणून त्यास केव्हां काढावें, यांतच व्यवस्थापकाच्या विवेकाची कसोटी असते.

प्रारंभीं हा प्रश्नच नव्हता. ज्यानें सामना आरंभिला त्यानेंच तो तडीस न्यावा, अशी रीत होती. १८८४ सालीं प्रॉव्हिडन्सच्या रॅडबर्ननें ७३ सामने आरंभिले व ते सर्वच्या सर्व स्वतः पुरे केले. साय यंगनें १८९० ते १९११ या काळांत ७४९ सामने पुरे केले. १ मे १९२० रोजीं ब्रुकलिन व बॉस्टन यांचा सामना ९ ऐवजीं २६ डाव चालला; तो दोन्ही बाजूंस एकेकट्यानेंच फेकला, आणि शेवटीं बरोबरींत सुटला.

परंतु मनुष्याचा बाहु म्हणजे यंत्र नव्हे. शिवाय एकाच फेक्याशीं तिसऱ्यांदा गांठ पडली म्हणजे फलंदाज त्यास अधिक ओळखूं लागतो, हेंहि हिशेबानें दिसून आलें. तेव्हां मागाहून येणाऱ्या फेक्यांस महत्त्व आलें. १९६९ पासून सामना राखल्याचें श्रेय, म्हणजे ‘सेव्ह’, अधिकृतपणें नोंदलें जाऊं लागलें. १९८८ सालीं ओकलंडच्या टोनी ला रूसानें एकर्स्ली यास बहुधा शेवटच्या एकाच डावापुरतें राखून ठेविलें, व पुढें सर्वांनीं तोच कित्ता गिरविला. २०१८ त टॅम्पा बे संघानें तर पहिल्या डावापुरताच निराळा फेक्या योजिला.

त्याच संघाची २०२० च्या अजिंक्यपदाच्या सहाव्या सामन्यांत परीक्षा झाली. ब्लेक स्नेलनें ९ फलंदाज ‘स्ट्राइकआउट’ करून संघास १–० अशी आघाडी राखून दिली होती. तरीहि ७३ चेंडूंनंतर, फलंदाजांची तिसरी फेरी सुरू होतांच, त्यास काढण्यांत आलें. त्याच डावांत आघाडी गेली, आणि ३–१ अशा विजयानें अजिंक्यपद लॉस एंजेलिसकडे गेलें.

एका पराभवानें गणित खोटें ठरत नाहीं. विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. भार वांटला तरी बाहूंच्या दुखापती कमी झाल्या नाहींत. कारण थोडेंच फेकावयाचें म्हणून प्रत्येक चेंडू सर्व बळानिशीं फेकला जातो. श्रमाची विभागणी केली, पण संयम सुटला, तर विश्रांतीचा लाभ पदरीं कसा पडावा?