विम्यातली बारीक अक्षरे (भाग 9) : रिजेक्शनची चाहूल आणि चाचणीचे बिल

मागच्या आठवड्यात किडनीदात्याच्या ऑपरेशनचा खर्च कोणाच्या पॉलिसीतून जातो ते पाहिले. आज किडनी बसवल्यानंतर रुग्णाच्या होणाऱ्या रक्ततपासण्यांकडे वळू.

बसवलेल्या किडनीला शरीर आपली मानत नाही. म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधे कायमची, आणि ठरावीक काळाने क्रिएटिनिन नि ‘टॅक्रो लेव्हल’ही. पण क्रिएटिनिन चढेपर्यंत किडनीला बराच मार बसलेला असू शकतो. रिजेक्शनची, म्हणजे शरीर किडनी नाकारत असल्याची, खात्री करायची तर बायोप्सी. नवी किडनी ओटीपोटात असते, तिथे सुई घालून तुकडा काढायचा. रक्तस्रावाचा धोका थोडा, पण असतोच.

गेल्या काही वर्षांत यावर नवी रक्तचाचणी आली. मरणाऱ्या पेशींतून डीएनएचे तुकडे रक्तात सुटतात. त्यांतले दात्याचे कोणते आणि रुग्णाचे कोणते, हे ओळखता येते. दात्याचा वाटा एक टक्क्यावर गेला तर रिजेक्शनची शंका घ्यावी, असे 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासातून दिसले. त्याच वर्षी अशाच ‘अ‍ॅलोशुअर’ या चाचणीचे पैसे मेडिकेअर ही तिथली सरकारी विमा योजना देऊ लागली. एका वेळचे सुमारे 2,800 डॉलर!

मेडिकेअर म्हणजे म्हाताऱ्यांची योजना, पण किडनी निकामी झालेल्यांना 1972 च्या कायद्याने वयाची अट नाही. त्यामुळे तिने हात आखडला की ट्रान्सप्लांटवाल्यांना लगेच झळ बसते. मार्च 2023 मध्ये तेच झाले. योजनेसाठी या चाचण्यांचे नियम ठरवणाऱ्या कंत्राटदाराने एक टिपण काढले. एरवी जिथे बायोप्सी केली असती, तिच्या जागी चाचणी असेल तर पैसे, असा त्याचा रोख. सारे ठीक असलेल्या रुग्णावर नुसती नजर ठेवायला चाचणी केली, तर बिल अडणार. रुग्ण नि सर्जन खवळले. सरकार म्हणाले, कव्हरेज बदललेलेच नाही, आधीचेच नियम स्पष्ट केले. खरी मेख इथे आहे. धोरण बदलायचे तर मसुदा काढून हरकती मागवाव्या लागतात; बिलिंगच्या टिपणाला ते लागत नाही.

विमेवाल्यांची बाजू अगदीच पोकळ नाही. चाचणी विकणाऱ्या कंपन्या शेअर बाजारातल्या आहेत. महिन्या-महिन्याला चाचणी केल्याने किडनी जास्त वर्षे टिकते, याचा पुरावा त्यांनीच द्यायला हवा. पण शंका आल्यावरच पैसे देऊ म्हणणे, हे शंकेआधी सावध करणाऱ्या चाचणीला विचित्रच.

आपल्याकडे भांडण इतके पुढे गेलेलेच नाही. बहुतेक पॉलिसी डिस्चार्जनंतर 60 किंवा 90 दिवसांचा खर्च देतात; त्यानंतरची साधी टॅक्रो लेव्हलही ओपीडीत मोडते, म्हणजे खिशातून. घरात ट्रान्सप्लांट झालेले किंवा व्हायचे असेल, तर नूतनीकरणाआधी दोन गोष्टी लेखी विचारा : डिस्चार्जनंतर नेमके किती दिवस, आणि ओपीडीतल्या तपासण्यांची वार्षिक मर्यादा किती. एजंटच्या तोंडी उत्तरावर थांबू नका.