मातीत मुरलेले पेट्रोल

स्टोव्हमधून रॉकेल गळाले तर वास येतो, डाग दिसतो आणि घरातले कोणीतरी लगेच उठते. जमिनीत पुरलेली टाकी गळू लागली तर मात्र कोणाला कळणार? मी कला शाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझे फारसे सख्य नाही. तरीही या प्रश्नाने मला धरून ठेवले. कारण तो शेवटी पिण्याच्या पाण्याचा प्रश्न आहे.

अमेरिकेत पेट्रोलला 'गॅस' आणि पेट्रोलपंपाला 'गॅस स्टेशन' म्हणतात. तेथे अनेक वर्षे साध्या पोलादी टाक्या जमिनीत पुरल्या जात. त्या गंजल्या, त्यांना भोके पडली आणि पेट्रोल थेंबाथेंबाने मातीत उतरत राहिले. १९८४ साली तेथील संसदेने या टाक्यांसाठी कायदा केला. जुन्या टाक्या सुधारा, बदला अथवा बंद करा, यासाठी २२ डिसेंबर १९९८ ही अखेरची मुदत ठरली. आजवर तेथे अशा ५ लाखांहून अधिक गळतींची नोंद झाली आहे.

मातीत उतरलेले पेट्रोल एका रूपात राहत नाही. काही कणांच्या फटीत द्रवरूपाने अडकते, काही कणांना चिकटते, काही ओलाव्यात विरघळते आणि काही वाफ होऊन पोकळ्यांत भरते. ते आणखी खाली झिरपले की भूजलाला जाऊन मिळते. पेट्रोलमध्ये बेंझिन असते आणि बेंझिनमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणूनच अमेरिकेत एक लिटर पिण्याच्या पाण्यात ५ मायक्रोग्रॅम, म्हणजे एका ग्रॅमच्या दोन लाखाव्या भागाएवढेच बेंझिन चालते.

मग ती माती खणून फेकून द्यावी काय? लहान जागेत तसे करतातही. पण वर इमारत असेल, रस्ता असेल, तर काय खणणार? येथे 'बाष्प-निष्कर्षण' ही पद्धत कामाला येते. नाव भारदस्त असले तरी तत्त्व आपल्या दोरीवरच्या कपड्यांचेच आहे. बंद खोलीत ओले कपडे वाळत नाहीत, कारण तेथील हवा ओलाव्याने भरून जाते. वारा खेळू लागला की ते भराभर वाळतात. मातीच्या पोकळ्याही पेट्रोलच्या वाफेने अशाच भरलेल्या असतात. ती हवा ओढून घेतली आणि तिच्या जागी ताजी हवा आली, की उरलेले पेट्रोल पुन्हा वाफ होऊ लागते.

त्यासाठी भूजलाच्या पातळीच्या वरपर्यंत विंधणे घेऊन त्यांत चिरा पाडलेले प्लास्टिकचे नळ सोडतात. नळाभोवती जाड वाळू भरतात आणि वरचे तोंड चिकणमातीने व सिमेंटने घट्ट बंद करतात. तसे न केल्यास यंत्र केवळ वरचीच हवा ओढत बसेल! वर बसवलेले शोषक यंत्र नळांतून हवा खेचते. तिच्यातील पाणी आधी एका भांड्यात वेगळे करतात. मग ती हवा सक्रिय कोळशातून गाळतात किंवा तिच्यातील वाफ भट्टीत जाळतात. वाफ तशीच बाहेर सोडली तर मातीतले विष आकाशात नेल्यासारखेच होईल. या पद्धतीचा आणखी एक फायदा असा, की ताज्या हवेतील प्राणवायू मिळाल्याने मातीतले जीवाणूही पेट्रोल फस्त करू लागतात.

अर्थात या पद्धतीला मर्यादा आहेत. वाळूतून हवा सहज वाहते, चिकणमातीतून वाहत नाही. पेट्रोल चटकन उडते, डिझेलमधील जड द्रव्ये उडत नाहीत. आणि भूजलात विरघळलेल्या विषापर्यंत ही हवा पोहोचत नाही. कॅलिफोर्नियातील सांता मोनिका शहराला याचा कटू अनुभव आला. पेट्रोलमध्ये मिसळले जाणारे एम.टी.बी.ई. हे द्रव्य पाण्यात सहज विरघळते. ते विहिरींत उतरले आणि १९९६ साली शहराला आपल्या पाणीपुरवठ्याच्या सुमारे निम्म्या भागावर पाणी सोडावे लागले.

मला सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट मात्र शेवटची आहे. सुरुवातीला यंत्रातून भरपूर वाफ येते, पुढे ती कमी कमी होत जवळजवळ थांबते. काम संपले असे वाटते. यंत्र बंद ठेवून काही आठवड्यांनी पुन्हा मोजावे, तर वाफ परत वाढलेली! जाड गोधडी वरून वाळलेली दिसते, घडी घालून ठेवली की आतली ओल पुन्हा वर येते, तसेच हे. चिकणमातीच्या थरांत दडलेले पेट्रोल सावकाश बाहेर पडत असते. म्हणून जाणकार मंडळी यंत्र थांबवतात, वाट पाहतात, मोजतात, पुन्हा चालवतात. यात महिने जातात, कधी वर्षेही.

आपल्याकडेही पेट्रोलपंपांच्या टाक्या जमिनीखालीच असतात आणि आपल्या कितीतरी गावांची तहान विहिरीच भागवतात. गळणारी टाकी बदलणे हे काही दिवसांचे काम. मुरलेले पेट्रोल काढणे हे वर्षांचे. वास गेला म्हणजे माती स्वच्छ झाली, असे समजण्याची घाई आपण करू नये, एवढेच मला सांगावेसे वाटते.