ग्रामसभेची वही

महाराष्ट्रातील सुमारे 28 हजार ग्रामपंचायतींपैकी कोणत्याही एका कार्यालयात गेले, तरी लोखंडी कपाटात एक जाड, बांधीव वही सापडते. शासकीय भाषेत तिला इतिवृत्त नोंदवही म्हणतात आणि गावाच्या बोलण्यात 'प्रोसिडिंग' म्हणतात. गटारीचे काम कोठून सुरू करावे, पाणीपट्टी वाढवावी की नाही, गायरानावरील अतिक्रमणाचे काय करावे, गावात दारूचे दुकान असावे का, अशा सगळ्या प्रश्नांवर ग्रामसभेत जे बोलले जाते, त्यातील या वहीत उतरलेला भागच पुढे कायद्याच्या दृष्टीने अस्तित्वात राहतो. म्हणून ग्रामसभा या संस्थेचा परिचय करून घ्यायचा असेल, तर सभेच्या मंडपापेक्षा या वहीपासून सुरुवात करणे अधिक उपयोगाचे ठरते.

या संस्थेचा औपचारिक इतिहास थोडक्यात सांगता येतो. मुंबई इलाख्यात ग्रामपंचायतींचे कायदे 1920 आणि 1933 साली झाले; आज लागू असलेला कायदा 1958 चा आहे. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने 24 एप्रिल 1993 पासून ग्रामसभेला थेट राज्यघटनेत स्थान दिले. येथे दोन संज्ञांतील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे. ग्रामपंचायत म्हणजे सात ते सतरा निवडून आलेल्या सदस्यांचे मंडळ, तर ग्रामसभा म्हणजे गावाच्या मतदारयादीतील प्रत्येक व्यक्तीची मिळून होणारी सभा. विधानसभेत किंवा महापालिकेत मतदार आपला प्रतिनिधी पाठवतो. ग्रामसभेत तो स्वतः सभासद असतो आणि त्याला तेथून निवडणुकीने काढून टाकता येत नाही. राज्यातील लोकशाहीच्या इतर कोणत्याही पायरीवर नागरिकाला हा दर्जा मिळालेला नाही, आणि म्हणूनच या सभेचे जे बरेवाईट होते त्याची काळजी वाटणे स्वाभाविक आहे.

आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा घेणे बंधनकारक असून प्रथेप्रमाणे त्या 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि 26 जानेवारी या दिवसांच्या आसपास होतात. पुरेशा कारणाशिवाय सभा न घेणारा सरपंच अपात्र ठरू शकतो. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी लागते. सभेची नोटीस सूचना फलकावर लागते आणि दवंडी दिली जाते. दवंडी देणारा शिपाई आता बहुतेक गावांत गाडीवरच्या भोंग्यातून किंवा मंदिराच्या ध्वनिक्षेपकावरून पुकारा करतो.

वहीचे पान जवळून पाहिले, तर त्याची एक ठरलेली चाल दिसते. सुरुवातीला तारीख, वेळ, ठिकाण आणि अध्यक्षांचे नाव. मग उपस्थितांच्या सह्या आणि अंगठे. त्यानंतर पहिला विषय बहुधा एकच असतो, तो म्हणजे 'मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे'. 'कायम करणे' याचा अर्थ असा की, मागच्या वेळी जे लिहिले गेले ते खरोखर तसेच ठरले होते, याला गावाने आपली संमती देणे. ही औपचारिकता वरवर कंटाळवाणी वाटते, परंतु सगळ्या यंत्रणेतील सर्वांत चिवट भाग हाच आहे. मागील ठरावाचे शब्द मोठ्याने वाचले जातात, तेव्हाच कोणाला तरी आठवते की सभेत हातपंप शाळेजवळ बसवायचे ठरले होते आणि वहीत मात्र दुसऱ्याच वस्तीचे नाव आले आहे. वाचन टाळले गेले, तर ती चूक तशीच कायम होते.

त्यापुढील प्रत्येक विषयाखाली ठराव क्रमांक, चर्चेचा सारांश, सूचकाचे नाव, अनुमोदकाचे नाव आणि अखेरीस 'सर्वानुमते मंजूर' किंवा 'बहुमताने मंजूर' हे शब्द येतात. सूचक म्हणजे ठराव मांडणारा आणि अनुमोदक म्हणजे त्याला पाठिंबा देणारा. शेवटचा विषय अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणाऱ्या विषयांचा असतो, आणि गावाची खरी दुखणी पुष्कळदा तेथेच बाहेर पडतात: विजेचा खांब वाकला आहे, अंगणवाडीचे छत गळते, स्मशानभूमीकडे जाणारी वाट शेतमालकाने नांगरली आहे. ही वही लिहिणारा माणूस म्हणजे ग्रामसेवक. ग्रामसेवक आणि ग्रामविकास अधिकारी ही दोन पदे 2024 साली एकत्र करून त्यांना ग्रामपंचायत अधिकारी असे नाव देण्यात आले, तरी गावात जुनेच नाव चालते. तोच नोटीस काढतो, तोच हिशोब ठेवतो, तोच सभेत उत्तरे देतो आणि बोलणे चालू असताना ठरावही तोच शब्दांत बसवतो. चार जण एकाच वेळी तावातावाने बोलत असताना त्यातून ठरावाचे एक वाक्य काढणे हे एक कौशल्य आहे, आणि त्याची कदर फारशी होत नाही.

ग्रामसभेत सर्वांत कमी समजणारा आणि सर्वांत महत्त्वाचा विषय अंदाजपत्रकाचा असतो. 2011 च्या लेखासंहितेप्रमाणे ग्रामपंचायतीचे सगळे हिशोब 33 ठरावीक नमुन्यांत ठेवले जातात. नमुना 1 हे अंदाजपत्रक, नमुना 5 ही रोकडवही, नमुना 8 ही घरांच्या कर आकारणीची नोंदवही आणि नमुना 9 ही कराच्या मागणीची नोंदवही. गावकऱ्याला यांपैकी नमुना 8 तेवढा ओळखीचा असतो, कारण घराच्या उताऱ्यासाठी त्याला त्याची गरज पडते. नमुना 1 त्याने बहुधा पाहिलेला नसतो. घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, बाजार फी यांतून येणाऱ्या स्वतःच्या उत्पन्नापैकी 15 टक्के मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. म्हणजे उत्पन्न दहा लाख असेल, तर तीन लाखांचा उद्देश आधीच ठरलेला असतो, आणि उरलेल्या सात लाखांतून कर्मचाऱ्यांचे पगार, वीजबिल आणि दुरुस्ती भागवल्यावर वादाला फार थोडी रक्कम उरते. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतही 2021-22 ते 2025-26 या काळात 60 टक्के रक्कम बंधित, म्हणजे पाणीपुरवठा आणि स्वच्छता यांसाठीच वापरता येणारी होती. गावाने आपल्या मनाने ठरवावे असा अबंधित भाग 40 टक्क्यांचा. राखीव निधीमागचा हेतू न्याय्य आहे, कारण तो नसता तर बहुतेक गावांत दलित वस्तीचा रस्ता यादीत शेवटीच राहिला असता. परंतु बांधलेला आणि मोकळा पैसा यांतील हा फरक सभेत स्पष्ट करून सांगितला गेला नाही, तर लोकांना वाटते की पंचायत काम टाळते आहे, आणि संशयाला तेथूनच सुरुवात होते.

ही यंत्रणा पूर्ण ताकदीने चालली तर काय होते, याची उदाहरणे महाराष्ट्रातच आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार येथे पाऊस 400 मिलिमीटरच्या आसपास पडतो. पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली या गावाने पैशाबरोबर पाण्याचाही ताळेबंद ग्रामसभेत मांडण्याची रीत पाडली: पाऊस किती झाला, विहिरींत पाणी किती, पिण्यासाठी किती राखायचे आणि उरलेल्यावर कोणती पिके घ्यायची. शेतीसाठी बोअरवेल घ्यायची नाही, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, हे नियम गावाने स्वतःच स्वतःवर घातले. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा-लेखा या गोंड गावात ठराव बहुमताने न घेता सर्वसहमतीने घेतला जातो, आणि त्याआधी अभ्यासगट त्या विषयाची माहिती गोळा करून त्यावर चर्चा करतो. वनहक्क कायद्याखाली 1,800 हेक्टरांहून अधिक जंगलाचा सामूहिक हक्क या गावाला 2009 साली मिळाला. त्यामागे वर्षानुवर्षे भरवलेल्या सभांची आणि जपून ठेवलेल्या नोंदींची शिदोरी होती.

बहुतेक गावांची स्थिती मात्र वेगळी आहे, आणि अडचणीचे मूळ पुष्कळदा गणपूर्तीच्या नियमात सापडते. ग्रामसभेला मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी उपस्थिती लागते. तेवढे लोक जमले नाहीत, तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट राहत नाही. तेथे नवा विषय घेता येत नाही, पण मूळ विषयपत्रिकेतील विषय उपस्थित असतील तेवढ्या लोकांत मंजूर होऊ शकतात. कोणाच्या गैरहजेरीमुळे कारभार अडून राहू नये, हा या तरतुदीचा हेतू. परिणाम असा की, अंदाजपत्रकासारखा विषय मोजक्या माणसांच्या संमतीने पुढे जाऊ शकतो आणि वहीत मात्र 'सदर विषयावर सविस्तर चर्चा होऊन ठराव सर्वानुमते मंजूर' असे लिहिले जाते. हे वाक्य इतके सरावाचे झाले आहे की, चर्चा झाली की नाही हे त्यावरून कधीच कळत नाही. 'माझा विरोध नोंदवा' असे आग्रहाने म्हणणारा एखादा सभासद असला, तरच त्याला तडा जातो. पुढे कोणी माहितीच्या अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागितली, तर तो विरोध शब्दशः हाती येतो.

दुसरी अडचण वहीचे वजनच कमी करणारी आहे. गावाचा विकास आराखडा आता ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर भरावा लागतो आणि वित्त आयोगाचा खर्च सरपंच व ग्रामसेवक यांच्या डिजिटल स्वाक्षरीने, म्हणजे गावाच्या भाषेत 'डोंगल' लावून होतो. पैसा कोठे गेला हे त्यामुळे तपासता येते, ही जमेची बाजू निश्चित आहे. परंतु आराखडा भरण्याची मुदत जवळ आली की संगणक परिचालकाच्या पडद्यावरील रकाने आधी भरले जातात आणि ग्रामसभेचा ठराव मागाहून त्यांना जुळवून लिहिला जातो, हा धोका खरा आहे. एकाच ग्रामसेवकाकडे दोन-तीन गावांचा कार्यभार असला, तर सभेत उतरवलेल्या कच्च्या टिपणावरून पक्की वही काही दिवसांनी लिहिली जाते. मधल्या दिवसांत कोणाचे शब्द गळतात आणि कोणाचे वाढतात, याची नोंद कोठेच होत नाही.

महिलांच्या सभेच्या बाबतीत सभा आणि वही यांतील हे अंतर अधिक ठळक होते. पंचायतीत महिलांना 50 टक्के आरक्षण 2011 पासून आहे. तरीही अनेक ठिकाणी महिला सभेची नोंद म्हणजे घरोघर वही फिरवून गोळा केलेल्या सह्या, असे होऊन बसते. त्या सह्यांच्या वर कोणता ठराव लिहिला जाणार आहे, हे सही करणाऱ्या बाईला विचारावे लागते आणि ती विचारतेच असे नाही. जेथे सभा प्रत्यक्ष भरते, तेथे तिच्या विषयांचा क्रम मुख्य सभेपेक्षा वेगळा असतो: नळाला पाणी कोणत्या वेळी सुटते, शाळेतील मुलींचे शौचालय चालू आहे का, दारूचे दुकान कोठे आहे. हे विषय मुख्य ग्रामसभेत पोहोचावेत म्हणून जागरूक ग्रामसेवक महिला सभेचे इतिवृत्त त्याच दिवशी, बायका समोर बसलेल्या असतानाच लिहून वाचून दाखवतो आणि शेवटच्या सहीखाली मोकळी राहिलेली जागा तिरकी रेघ मारून बंद करतो, म्हणजे नंतर त्या पानावर कोणाला काही घुसवता येऊ नये.