संगणकाच्या दोन आठवणी

दहावीचा निकाल लागला की बीड शहरातील, अंबाजोगाईतील, माजलगावातील किंवा परळीतील नेट कॅफेसमोर मुलामुलींची गर्दी होते. कुणाला अकरावीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा असतो, कुणाला आयटीआयचा, कुणाला शिष्यवृत्तीचा. हातात आधार कार्ड, बँकेचे पासबुक आणि उत्पन्नाचा दाखला असतो. दुकानात तीन-चार जुने संगणक असतात. आपला नंबर लागतो, आपण खुर्चीवर बसतो आणि पडद्यावर एक लहानसे वर्तुळ फिरू लागते. ते फिरतच राहते.

शिष्यवृत्तीचे अर्ज कधी कधी दिवाळीनंतरही चालू असतात. त्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी दूर गेलेली असतात. अर्ज भरताना येणारा ओटीपी, म्हणजे एकदाच चालणारा सांकेतिक आकडा, अब्बांच्या किंवा वडिलांच्या फोनवर जातो. ते उसाच्या फडात असतात. ते फोन करून आकडा सांगतात, मुलगी तो लिहून घेते आणि टाइप करू लागते, तोच संगणक अडकतो. काही मिनिटांतच त्या आकड्याची मुदत संपते. आता पुन्हा आकडा मागवा, पुन्हा फडात फोन लावा.

असे झाले की दुकानातला मुलगा म्हणतो, "मेमरी फुल झाली." मग तो काहीतरी पुसतो आणि संगणक बंद करून पुन्हा सुरू करतो. यातील पुन्हा सुरू करणे बहुधा उपयोगी पडते. पुसण्याचा मात्र बहुतेक वेळा या अडचणीशी संबंध नसतो. मेमरी हा शब्द आपण दोन अगदी वेगळ्या गोष्टींसाठी वापरतो. उर्दूत जिला आपण हाफिजा म्हणतो, तिला मराठीत स्मरणशक्ती म्हणतात. संगणकाच्या अशा दोन स्मरणशक्ती आहेत. एक क्षणात सारे विसरते. दुसरी आपण सांगितल्याशिवाय काहीच विसरत नाही.

आधी विसरणारी पाहू. तिचे नाव रॅम. शिंप्याचे दुकान डोळ्यांसमोर आणा. कापड बेतण्यासाठी एक मोठे टेबल असते आणि भिंतीला एक कपाट असते. शिवायचे कापड कपाटातून काढून टेबलावर घ्यावे लागते, कारण कात्री टेबलावरच चालते. रॅम हे ते टेबल. हार्ड डिस्क हे कपाट. टेबल लहान असेल आणि एकाच वेळी दहा जणांचे कपडे पसरले, तर शिंप्याला एक कापड उचलून कपाटात ठेवावे लागते, दुसरे काढावे लागते, मग पुन्हा पहिले. त्याचा सारा वेळ शिवण्यात न जाता ने-आण करण्यात जातो. संगणकाचेही असेच होते. रॅम भरली की तो तिच्यातील काही मजकूर हार्ड डिस्कवर ठेवू लागतो. हार्ड डिस्क रॅमपेक्षा फारच मंद असते. म्हणून ते वर्तुळ फिरत राहते. वीज गेली की टेबल एकदम रिकामे होते. रॅममधील सारे नाहीसे होते.

पूर्वीचे संगणक तर याहूनही लहान टेबलावर काम करत. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्य लोकांसाठी इंटरनेट खुले केले. त्याच महिन्यात आलेली विंडोज ९५ ही प्रणाली ४ एमबी रॅमवरही सुरू होत असे. आज नेट कॅफेतील जुन्या संगणकात २ जीबी रॅम असली, तरी ती त्याच्या पाचशे पट भरते. मग ती अपुरी का पडते?

कारण इंटरनेटवरील पाने बदलली. ही पाने आपल्याला दाखवणाऱ्या प्रोग्रामला ब्राउझर म्हणतात. क्रोम, फायरफॉक्स, एज हे ब्राउझर आहेत. टिम बर्नर्स-ली यांनी १९९१ मध्ये जगासमोर आणलेले वेबचे पान म्हणजे साधा मजकूर होता. १९९३ मध्ये मोझेक नावाचा ब्राउझर आला आणि मजकुराच्या शेजारी चित्रेही दिसू लागली. आजचे पान हे पान राहिलेले नाही. तो एक चालता प्रोग्राम असतो. त्यात चित्रफिती असतात, जाहिराती असतात आणि आपण काय पाहतो याची नोंद करणारे छोटे प्रोग्रामही असतात. साधी बातमी वाचायला गेलो तरी ही सारी वरात टेबलावर चढते.

उर्दू पानाचे तर आणखी एक ओझे असते. नस्तालिक लिपीत अक्षर शेजाऱ्याप्रमाणे रूप बदलते आणि शब्द तिरका खाली उतरतो. १९८१ मध्ये मिर्झा अहमद जमील यांनी संगणकासाठी नूरी नस्तालिक तयार केली, तेव्हा त्यांना अक्षरांच्या हजारो जोडण्या एकेक करून लिहाव्या लागल्या. त्यामुळे नस्तालिक फॉन्टची फाइल रोमन अक्षरांच्या फाइलपेक्षा बरीच मोठी असू शकते. एवढ्या सुंदर लिपीसाठी थोडे थांबावे लागले तर माझी तक्रार नाही. जाहिरातींसाठी थांबावे लागते, ते मात्र खटकते.

ब्राउझर स्वतःही जागा घेतो, पण त्याला कारण आहे. २००८ मध्ये क्रोम आला. त्याने उघडलेल्या पानांसाठी वेगवेगळ्या प्रक्रिया चालवण्याची पद्धत रूढ केली. त्याआधी एक पान बिघडले की सारा ब्राउझर बंद पडत असे. वेगळ्या प्रक्रियांमुळे एका पानाला दुसऱ्या पानात डोकावणेही अवघड होते. म्हणजे बँकेचे पान आणि खेळाचे पान यांच्यामध्ये भिंत उभी राहते. भिंतीला जागा लागतेच. म्हणून ब्राउझर खूप रॅम खातो असे म्हणताना त्यातील काही आपल्या रक्षणासाठी खर्च होते, हेही ध्यानात घ्यावे.

आता संगणक अडकला तर काय करावे? प्रथम दोषी कोण ते शोधावे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. कोणता प्रोग्राम किती रॅम वापरतो, हे तेथे दिसते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो. त्यात एकेका टॅबचा हिशेब असतो. बहुधा असे आढळते की आधीच्या ग्राहकाने उघडलेली सात-आठ पाने तशीच आहेत आणि एका पानात आवाज बंद केलेली चित्रफीत चालू आहे. ती बंद करा. अर्ज भरताना अर्जाचेच एक पान उघडे ठेवा. ब्राउझरला जोडलेली एक्स्टेन्शन म्हणजे जोडप्रोग्रामही पाहा. प्रत्येक जोडप्रोग्राम टेबलावर थोडी जागा अडवतो, आणि काही तर आपण काय वाचतो तेही पाहू शकतात. दुकानदाराला विचारून नको असलेले काढावेत. जाहिराती अडवणारा एखादा चांगला जोडप्रोग्राम मात्र ठेवण्यासारखा असतो. तो स्वतः थोडी जागा घेतो आणि बरीच मोकळी करतो.

आणि ते पुसण्याचे काय? दुकानातला मुलगा जे पुसतो त्याला कॅश म्हणतात. पाहिलेल्या पानांची चित्रे ब्राउझर हार्ड डिस्कवर साठवतो, म्हणजे पुढच्या वेळी ती पुन्हा मागवावी लागत नाहीत. हा साठा कपाटात असतो, टेबलावर नव्हे. तो पुसल्याने टेबल मोकळे होत नाही. उलट सारी चित्रे पुन्हा इंटरनेटवरून आणावी लागतात आणि पान आणखी उशिरा येते. हार्ड डिस्क काठोकाठ भरली असेल तर गोष्ट वेगळी.

खरा उपाय दुकानदाराच्या किंवा शाळेच्या हाती आहे. २ जीबीच्या जागी ४ जीबी रॅम बसवली तर जुना संगणकही बरा चालतो. फिरत्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली तर फरक लगेच जाणवतो. विंडोज ३२ बिटची असेल, तर ४ जीबीपेक्षा जास्त रॅम टाकून उपयोग नाही. ती सहसा वापरलीच जात नाही. प्रणाली बदलणे हा आणखी एक मार्ग आहे. लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली आहे आणि तिचे काही हलके प्रकार जुन्या संगणकांवर चालतात. आपल्या देशातील सी-डॅक या सरकारी संस्थेने बॉस नावाची लिनक्स प्रणाली तयार केली आहे. केरळमधील सरकारी शाळा अनेक वर्षे लिनक्सवर शिकवत आहेत.

प्रणाली बदलण्याचा विचार केवळ वेगासाठी नाही. विंडोज ७ ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या १४ जानेवारी २०२० रोजी थांबल्या. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९ ही जानेवारी २०२३ ची आहे. फायरफॉक्सची तशी शेवटची आवृत्ती ११५ ही जुलै २०२३ मध्ये आली आणि तिला पुढेही काही काळ सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळत राहिल्या. प्रोग्राममध्ये भगदाड सापडते, तेव्हा दुरुस्ती पाठवून ते बुजवले जाते. दुरुस्त्या थांबल्या की भगदाड उघडेच राहते. अशा संगणकावर बँकेचा व्यवहार करूच नये.

इथे आपण दुसऱ्या स्मरणशक्तीपाशी आलो. ही वीज गेली तरी विसरत नाही. ब्राउझर आपण पाहिलेल्या पानांची यादी ठेवतो, तिला हिस्टरी म्हणतात. संकेतस्थळे आपली ओळख पटवणाऱ्या छोट्या चिठ्ठ्या आपल्याच संगणकावर ठेवतात. त्यांना कुकी म्हणतात. लू मॉन्टुली या अभियंत्याने १९९४ मध्ये नेटस्केप ब्राउझरसाठी त्या तयार केल्या. कुकी नसती तर अर्जाच्या प्रत्येक पानावर पुन्हा नाव आणि पासवर्ड द्यावा लागला असता. पण आपण बाहेर न पडताच खुर्ची सोडली, तर तीच कुकी पुढच्या माणसाला आपल्या नावाने आत घेऊ शकते.

पासवर्ड टाकला की ब्राउझर विचारतो, लक्षात ठेवू का? घाईत आपण होय म्हणतो. साठवलेले पासवर्ड ब्राउझरच्या सेटिंगमध्ये पाहता येतात आणि दुकानातील संगणकाला स्वतःचे कुलूप नसेल तर ते पाहणे मुळीच कठीण नसते. त्याहूनही मोठी गफलत डाउनलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये होते. आधार कार्ड, पासबुकाचे पहिले पान, उत्पन्नाचा दाखला हे सारे छापण्यासाठी त्यात उतरवले जाते आणि तिथेच राहते. सकाळपासून आलेल्या प्रत्येक मुलाचे कागद त्या एका फोल्डरमध्ये एकावर एक साचतात. वर्तुळ फिरू लागले की सारेजण चिडतात. या फोल्डरविषयी कुणी चिडत नाही, कारण तो कुणाला अडवत नाही.

खासगी विंडो उघडली तर? क्रोममध्ये तिला इनकॉग्निटो म्हणतात. ('खासगी' हा मराठी शब्द तुमच्या 'खास'चाच नातेवाईक आहे.) ही विंडो बंद केली की तिच्यातील हिस्टरी आणि कुकी त्या संगणकावरून जातात. म्हणून परक्या संगणकावर तीच वापरावी. पण डाउनलोड केलेला कागद ती पुसत नाही. संकेतस्थळाला आपण दिसतो आणि इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीलाही आपण कुठे गेलो ते कळू शकते. याच मुद्द्यावर अमेरिकेत २०२० मध्ये गूगलविरुद्ध खटला भरला गेला. २०२४ मध्ये तडजोड झाली आणि इनकॉग्निटोत फिरणाऱ्यांच्या अब्जावधी नोंदी नष्ट करण्याचे गूगलने मान्य केले.

नेट कॅफेला काही नोंदी कायद्यानेच ठेवाव्या लागतात. २०११ च्या नियमांनुसार ग्राहकाची ओळख पाहून नोंदवही ठेवायची असते आणि पाहिलेल्या संकेतस्थळांची नोंद किमान एक वर्ष जपायची असते. दोन खुर्च्यांमधील आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नसावा, असेही त्या नियमांत आहे. त्यामुळे शेजारच्याची नजर आपल्या पडद्यावर पडणारच. पासवर्ड टाकताना इकडेतिकडे पाहण्यात लाजण्यासारखे काही नाही.

पण ओळखपत्राच्या प्रतीखेरीज आपले बाकीचे कागद साठवा, असे कोणताही नियम दुकानदाराला सांगत नाही. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने निकाल दिला की, खासगीपणा हा नागरिकाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ मध्ये डिजिटल माहितीच्या रक्षणाचा कायदाही संसदेने मंजूर केला. तेव्हा काम झाल्यावर "भाऊ, माझ्या फाइली पुसू द्या," असे दुकानदाराला सरळ म्हणावे. चांगला दुकानदार रागावत नाही.

उठण्यापूर्वी अर्जाच्या संकेतस्थळावरून आणि ईमेलमधून लॉग आउट करा. डाउनलोड्समधील आपले कागद निवडा आणि शिफ्ट दाबून डिलीट दाबा. नुसते डिलीट केलेली फाइल रिसायकल बिनमध्ये पडून राहते आणि तेथून परत काढता येते. पेन ड्राइव्ह काढून घ्या. स्कॅनरच्या काचेवर मूळ कागद राहिला नाही ना, तेही पाहा. पुष्कळांचा तो तिथेच राहतो. जेथे चालत असेल तेथे आधारची झाकलेली प्रत द्या; तिच्यावर क्रमांकाचे शेवटचे चारच आकडे दिसतात. लॉग आउट करायचे विसरून घरी आलात, तर घरातील फोनवर गूगल खात्याच्या सुरक्षेचे पान उघडा. आपले खाते कोणकोणत्या यंत्रांवर उघडे आहे, याची यादी तेथे असते. नेट कॅफेचा संगणक त्या यादीत शोधा आणि तेथून साइन आउट करा. त्यानंतर पासवर्डही बदला.