आवाज तिचा, चेहरा कुणाचा?

लेखमाला : कमी लांबीचा सिनेमा
लेखांक ६

साल १९४२. हॉलिवूडच्या एका स्टुडिओत एका गाण्याची अडचण झाली आहे. पडद्यावर गोरी नटी गाते आहे, पण तिचे ओठ आणि गाणं यांचा मेळ बसत नाही. चित्रीकरण पुन्हा करणं परवडणारं नाही. मग एका तरुण कृष्णवर्णीय गायिकेला बोलावलं जातं. समोर चाललेल्या चित्राकडे बघत, नटीच्या ओठांच्या हालचालीत नेमकं बसेल असं ती गाते आणि स्टुडिओची अडचण सुटते. सिनेमा प्रदर्शित होईल तेव्हा टाळ्या पडद्यावरच्या नटीला मिळतील. जिचा आवाज आहे, ती कुणाला दिसणार नाही.

हा प्रसंग जुली डॅश यांच्या ‘इल्यूजन्स’ (१९८२) या ३४ मिनिटांच्या कृष्णधवल लघुपटातला आहे. स्टुडिओ काल्पनिक आहे आणि गायिका एस्थर जीटर हे पात्रही. हे सगळं घडताना पाहणारी स्टुडिओतली अधिकारी मिन्यॉन डुप्री हीसुद्धा कृष्णवर्णीयच आहे, पण तिच्या उजळ रंगामुळे सगळे तिला गोरी समजतात. एस्थर मात्र तिला पाहताक्षणी ओळखते. एकीचा आवाज घेतला जातो आणि चेहरा वगळला जातो. दुसरीचा चेहरा चालतो, पण ती कोण हे तिला सांगता येत नाही.

पार्श्वगायनाची आपल्याला इतकी सवय आहे की, एकीचा आवाज दुसरीच्या ओठांवर असण्यात आपल्याला वावगं काही वाटत नाही. आपल्याकडे गायिकेची कीर्ती नटीच्या बरोबरीनं, कधी तिच्याहूनही मोठी होते. एस्थरच्या वाट्याला नावही येणार नाही. हॉलिवूडमध्ये हा व्यवहार उलट दिशेनंही झाला. ‘कारमेन जोन्स’ (१९५४) या चित्रपटात डोरोथी डँड्रिज ही कृष्णवर्णीय अभिनेत्री नायिका होती. ती स्वतः गायिका असूनही तिच्या गाण्यांना मर्लिन हॉर्न या गोऱ्या गायिकेचा आवाज देण्यात आला.

‘इल्यूजन्स’मध्ये आणखी एक पदर आहे. एस्थर झालेल्या रोझॅन कॅटन त्या प्रसंगात स्वतः गात नाहीत. आपल्याला ऐकू येतो तो एला फिट्झगेराल्ड यांचा आवाज. ज्या युक्तीनं हॉलिवूडनं कृष्णवर्णीय गायिकेला अदृश्य केलं, तीच युक्ती डॅश वापरतात आणि कृष्णवर्णीय स्त्रीचा आवाज कृष्णवर्णीय स्त्रीच्या चेहऱ्याला मिळवून देतात. आवाज आणि चित्र यांची सांगड कोण घालतं आणि कुणासाठी, हा प्रश्न मला डॅश यांच्यासारख्या कृष्णवर्णीय स्त्री-फिल्मकर्त्यांच्या प्रयोगांच्या मुळाशी दिसतो. पुढच्या पाचही लघुपटांकडे याच प्रश्नातून पाहायचं आहे.

मागच्या लेखांकात आपण माया डेरेन यांच्या ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’विषयी (१९४३) बोललो. ती फिल्म लॉस एंजेलिसमधल्या एका घरात तयार झाली होती. आजच्या कथेची सुरुवातही त्याच शहरातली, पण वस्ती वेगळी. ऑगस्ट १९६५ मध्ये वॉट्स या कृष्णवर्णीय वस्तीत पोलिसांविरुद्धच्या संतापाचा उद्रेक झाला. सहा दिवसांत ३४ माणसं मेली. त्यानंतरच्या वर्षांत, विद्यार्थ्यांच्या दबावामुळे, यूसीएलए या विद्यापीठाच्या चित्रपट विभागानं तोवर बाहेर राहिलेल्या समाजांतल्या मुलामुलींसाठी दार उघडलं. तिथे शिकलेल्या कृष्णवर्णीय फिल्मकर्त्यांच्या या पिढीला पुढे ‘एलए रिबेलियन’ हे नाव मिळालं. या चळवळीतले चार्ल्स बर्नेट आणि हायले गेरिमा जाणकारांना परिचित आहेत. तिच्यातल्या स्त्रियांची नावं मात्र फार उशिरा घेतली जाऊ लागली.

त्यांच्या प्रयोगांना पैशाचाही संदर्भ आहे. १६ मिमी फिल्मचं १०० फुटांचं रीळ पावणेतीन मिनिटांत संपतं. चित्र आणि संवाद एकाच वेळी टिपायचे तर घरघर न करणारा कॅमेरा, वेगळं ध्वनियंत्र आणि जास्तीची माणसं लागतात. विद्यार्थ्याला सोपं पडतं ते मूक चित्रण करून आवाज नंतर चढवणं. पण आवाज नंतर चढवायचा म्हटलं की, कुणाचा आणि कोणत्या क्षणी, हे ठरवणं फिल्मकर्तीच्या हाती येतं. ही मोकळीक या स्त्रियांनी पुरेपूर वापरली.

डॅश यांचीच ‘फोर विमेन’ (१९७५) बघा. जेमतेम सात-आठ मिनिटांच्या या फिल्ममध्ये एकही संवाद नाही. नीना सिमोन यांच्या १९६६ मधल्या त्याच नावाच्या गाण्यावर लिंडा मार्टिना यंग एकट्या नृत्य करतात. कापडात गुंडाळलेल्या आकृतीपासून सुरुवात होते आणि मग गाण्यातल्या चौघीजणी एकामागून एक त्याच देहातून प्रकट होतात. कष्टानं वाकलेली, दोन वंशांच्या मधली, देह विकणारी आणि संतापलेली. कृष्णवर्णीय स्त्रीचे हे चार ठरीव साचे. वेश आणि हालचाल बदलत एकच नर्तकी चारही साचे अंगावर घेते आणि उतरवून ठेवते. ती यातली कुठलीही एक नाही, हे कुणी न सांगता कळतं.

बार्बरा मॅक्युलॉ यांनी ‘वॉटर रिच्युअल नंबर १’ (१९७९) ही सहा मिनिटांची फिल्म वॉट्स परिसरातच केली. महामार्गासाठी तिथली घरं रिकामी करून पाडली होती, पण प्रकल्प १९७२ मध्ये न्यायालयात अडकला आणि तो रस्ता अखेर १९९३ मध्ये खुला झाला. मधली अनेक वर्षं हजारो कुटुंबांच्या घरांच्या जागी नुसती पडीक जमीन होती. त्या भग्न जागेत योलांडा व्हिडाटो ही कलावती काही वस्तू मांडून विधी करते आणि शेवटी विवस्त्र होऊन तिथेच मूत्रविसर्जन करते. शीर्षकातलं पाणी ते हेच. पाहणारा दचकतो. पण फिल्मच्या शीर्षकाचा पुढचा भाग ‘शहरातला शुद्धिविधी’ असा आहे. ज्या यंत्रणेनं वस्ती उठवली तिच्यापुढे भाषण न करता ही स्त्री साचलेलं विष देहातून बाहेर टाकते. मला हे दृश्य निषेधाच्या अनेक घोषणांहून प्रामाणिक वाटतं.

झैनाबू आयरीन डेव्हिस यांची ‘सायकल्स’ (१९८९) १७ मिनिटांची. एक तरुणी पाळीची वाट पाहते आहे. पाळी लांबली आहे, म्हणून मनात धाकधूक. ती घर घासूनपुसून काढते, आंघोळ करते, थांबून राहते. स्थिर छायाचित्रं, धक्क्याधक्क्यानं सरकणारी चित्रं आणि हैतीच्या व्होडू परंपरेतल्या आकृत्या यांतून तिची वाट पाहणं आपल्याला जाणवत राहतं. कानावर मात्र तिच्या एकटीचा आवाज येत नाही. अनेक बायकांचे आवाज एकमेकांत मिसळून तिला धीर देत असतात. चेहरा एकीचा आणि आवाज सगळ्याजणींचा, अशी ही सांगड.

कॉलीन स्मिथ यांनी लॉस एंजेलिसबाहेर, सॅन फ्रान्सिस्कोत शिकत असताना ‘क्रॉनिकल्स ऑफ अ लाइंग स्पिरिट’ (१९९२) केली. केली गॅब्रन या काल्पनिक कलावतीच्या चिकटवहीतली कात्रणं, छायाचित्रं आणि मजकूर पडद्यावरून भराभर जातात. एक पुरुषी आवाज तिचं चरित्र अधिकारानं सांगतो. त्याच्याखाली एक स्त्री बोलते आहे, पण नीट ऐकू येत नाही. तीनेक मिनिटांत हे संपतं आणि तोच चित्रपट्टा पुन्हा सुरू होतो. आता हळूहळू तिचा आवाज पुरुषाच्या आवाजावर उमटत जातो आणि मघाशी पाहिलेली चित्रं वेगळं काही सांगू लागतात. एखाद्या स्त्रीचा इतिहास कोण सांगतं यानं काय फरक पडतो, हे सिद्ध करायला सहा मिनिटं पुरतात.

शेवटची फिल्म आपल्या काळाच्या जवळची आहे. डॅलसमध्ये जन्मलेल्या जटोव्हिया गॅरी यांची ‘अ‍ॅन एक्स्टॅटिक एक्स्पिरिअन्स’ (२०१५) हीदेखील सहाच मिनिटांची. १९३० च्या दशकात अमेरिकी सरकारच्या एका प्रकल्पात, गुलामगिरीत जन्मलेल्या वृद्धांच्या आठवणी टिपल्या गेल्या. त्यांतली फॅनी मूर यांची एक आठवण अभिनेत्री रूबी डी यांनी १९६० च्या दशकात दूरचित्रवाणीवर सादर केली. फॅनीची आई शेतात राबताना एक दिवस आनंदानं ओरडू लागते. आपण मुक्त होणार, हे तिला आतून कळलेलं असतं. चाबूक पडला तरी ती थांबत नाही. गॅरी यांनी या जुन्या चित्रणाच्या फिल्मपट्टीवर हातानं रंग भरले आणि ओरखडे काढले. रूबी डी यांच्या चेहऱ्याभोवती रेषा थरथरतात, उसळतात. फॅनीच्या आईचं छायाचित्र इथे नाही, पण तिचा आनंद चित्राच्या पृष्ठभागावरच उमटला आहे. पुढे हीच फिल्म आपल्या काळातल्या, पोलिसी हिंसेविरुद्धच्या निदर्शनांपर्यंत येते.

हे लघुपट लहान का राहिले, याला पैशाची आणि वितरणाची कारणं आहेतच. एलए रिबेलियनमधल्या कित्येक फिल्मच्या प्रती वर्षानुवर्षं घरात किंवा गोदामात पडून होत्या. यूसीएलएच्या अभिलेखागारानं त्या शोधून जतन केल्या आणि २०११ मध्ये त्यांचा मोठा महोत्सव भरवला, तेव्हा कुठे या कामाचा आवाका जगाला कळला. जतन करणं हे इथे पांडित्याचं काम नाही. ज्यांना आधीच एकदा पडद्यावरून वगळलं गेलं, त्यांच्या फिल्म कुजू देणं म्हणजे त्यांना दुसऱ्यांदा वगळणं.

यांतली एखादी फिल्म मिळाली तर ती दोनदा पाहा. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून आणि दुसऱ्यांदा चालू करून. मग एरवी पाहता त्या कुठल्याही सिनेमाला विचारा, इथे बोलणारी कोण, दिसणारी कोण, आणि त्यांची गाठ कुणी बांधली? हा प्रश्न विचारायची सवय लागली की कृष्णवर्णीय मोलकरीण, आया किंवा गाणारी बाई म्हणून पडद्याच्या कडेला उभी केलेली प्रत्येक स्त्री तुम्हाला ठळक दिसू लागेल.

पुढील लेखांकात : सेनेगलच्या साफी फाय पॅरिसच्या रस्त्यावर चालतात आणि दोन पुरुष त्यांच्याकडे पाहतात. ‘ला पासांत’ (१९७२) या दहा मिनिटांच्या फिल्मविषयी.