जुन्या अक्षरांचें पुनरागमन

यंदा शाळेच्या शताब्दीनिमित्त वार्षिकाचें मुखपृष्ठ कसें असावें ह्याचा विचार चालला असतां विद्यार्थ्यांच्या मंडळानें एकमतानें मागणी केली कीं, त्यावरील अक्षरें जुन्या छापखान्यांतल्यासारखीं असावींत. आम्हांस मोठी मौज वाटली. आम्ही ह्याच शाळेंत शिकत होतों तेव्हां तींच अक्षरें आम्हांस जुनाट वाटत, आणि संगणकावर जुळविलेला पहिला अंक हातीं आला त्या दिवशीं आम्हीं टाळ्या पिटल्या होत्या. जें काल टाकाऊ ठरलें तें आज पुन्हां हवेंसें कां वाटतें, हें समजून घेण्यास इंग्लंडांतील एका अक्षराचा इतिहास फार उपयोगी पडतो.

विल्यम कॅस्लन (१६९२–१७६६) हा मूळचा बंदुकांवर नक्षी खोदणारा लंडनचा कारागीर. १७२० च्या सुमारास ख्रिस्ती ज्ञानप्रसारक मंडळीस पूर्वेकडील ख्रिस्ती लोकांकरितां स्तोत्रसंहिता व नवा करार अरबी भाषेंत छापावयाचा होता. त्याकरितां लागणारीं अरबी अक्षरें कोरण्याचें काम त्याच्याकडे आलें, आणि त्यांतून तो इंग्रजी अक्षरांकडे वळला. १७३४ सालीं त्याचें नमुनापत्र निघालें. पुढें अमेरिकेचा १७७६ चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रथम छापला गेला तोहि ह्याच अक्षरांत.

त्या काळीं अक्षर तयार होई तें असें: पोलादी सळईच्या टोकावर तें उलटें कोरून ठसा करावयाचा, तो तांब्यावर ठोकून साचा पाडावयाचा, आणि साच्यांत शिशाचा रस ओतून खिळे काढावयाचे. खिळे झिजतात, वितळवितांहि येतात. परंतु ठसे व साचे शाबूत असले तर तेंच अक्षर शंभर वर्षांनींहि पुन्हां ओततां येतें. हा बारकावा वाचकांनीं ध्यानांत ठेवावा.

अठराव्या शतकाच्या अखेरीस इटलींत बोदोनी व फ्रान्सांत दिदो ह्यांनीं निराळ्याच वळणाचीं अक्षरें आणिलीं. त्यांत जाड रेघ चांगलीच जाड आणि बारीक रेघ केवळ केसाएवढी. गुळगुळीत कागदावर तीं अशीं लखलखीत उठत कीं, कॅस्लनचीं मऊ, किंचित् ओबडधोबड अक्षरें त्यांपुढें खेडवळ दिसूं लागलीं. एकोणिसावें शतक उजाडतांच खुद्द त्याच्या वंशजांच्या कारखान्यानें आपल्या नमुनापुस्तकांतून तीं वगळलीं. मात्र साचे कोणीं मोडले नाहींत.

चाळीस वर्षांनीं वारें फिरलें. सतराव्या शतकांतील लेडी विलोबी नांवाच्या एका कुलीन स्त्रीची दैनंदिनी, असें सोंग घेतलेलें एक पुस्तक १८४४ सालीं निघालें. तें जुनें भासावें म्हणून चार्ल्स व्हिटिंगहॅम ह्या मुद्रकानें कॅस्लनच्या जुन्या साच्यांचीं अक्षरें योजिलीं. गंमत ही कीं, त्या बाईच्या काळीं कॅस्लनचा जन्महि झाला नव्हता! परंतु वाचकांस त्याचें काय? त्यांना जुनेपणा नको होता, जुनेपणाचा भास हवा होता. तेव्हांपासून तें अक्षर पुन्हां चालूं लागलें. बर्नार्ड शॉ ह्यांनीं तर आपलीं पुस्तकें ह्याच अक्षरांत छापावींत असा हट्ट धरला.

डोळ्यांस एकाच वळणाचा वीट येतो हें खरें; परंतु वीट आला म्हणून जुनेंच कां परत यावें? आमच्या मतें अक्षर हा काळाचा पोशाख आहे. बापाचा अंगरखा मुलास जुनाट वाटतो, पणजोबांचा रुबाबदार वाटतो. कारण बापाचा त्यानें रोज पाहिलेला असतो, पणजोबांचा केवळ तसबिरींत.

दुसरें कारण रुक्ष आहे, पण अधिक बळकट आहे. छपाईचें नवें यंत्र आलें कीं त्यास अक्षरांचा मोठा सांठा लागतो, आणि नवें रचण्यापेक्षां जुनें उतरवून घेणें सोपें. १९२० नंतरच्या दशकांत मोनोटाइप कंपनीनें आपल्या यंत्रांकरितां गॅरामाँ, बास्करव्हिल, बेंबो हीं जुनीं वळणें पुन्हां चालू केलीं. त्यांत गॅरामाँच्या बाबतींत फसगत झाली. ज्याची नक्कल केली तें अक्षर त्याचें नव्हतेंच. तें सतराव्या शतकांतील झां झानों ह्या दुसऱ्याच कारागिराचें होतें, असें १९२६ सालीं बिॲट्रिस वॉर्ड ह्या बाईंनीं दाखवून दिलें. संगणकाच्या युगांत १९९० सालीं कॅरोल ट्वॉम्ब्ली ह्यांनीं अडोबी कंपनीकरितां कॅस्लन पुन्हां रेखिलें, तें त्याच्या छापील नमुनापत्रांवरून. आधुनिक म्हणून मिरविणारें हेल्व्हेटिका (१९५७) हेंहि १८९८ च्या एका जर्मन अक्षरावरच बेतलेलें आहे.

मराठी मुद्रणांत सुबक वळणाचें नांव निघालें कीं निर्णयसागर छापखान्याचे जावजी दादाजी आठवतात. त्यांनीं खिळ्यांच्या कामाचे पहिले धडे मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत, टॉमस ग्रॅहॅम ह्यांच्या हाताखालीं घेतले. देवनागरींत जोडाक्षरें, काने, मात्रा, वेलांट्या मिळून खिळ्यांची संख्या इंग्रजीच्या कितीतरी पट होते. म्हणून एक संपूर्ण संच उभा करणें ही आयुष्याची कमाई असे.

आमचें वार्षिक पूर्वीं ज्या छापखान्यांत निघे, त्याच्या मालकांनीं संगणक आल्यावर सगळे खिळे मोडीच्या भावानें वजनावर विकले. जुळारी घरीं बसले. त्या वेळीं आम्हांस त्यांत कांहींच वावगें वाटलें नाहीं, हें आम्हीं कबूल केलें पाहिजे. आतां मुलांनीं जुन्या अंकांतील मथळ्यांवरून एकेक अक्षर उतरवून घेतलें आहे. "शताब्दी" ह्या शब्दास लागणारा अर्धा "ब" मात्र मोठ्या अक्षरांत कोठेंच सांपडेना. तो इयत्ता नववींतील एका मुलीनें शेजारच्या अक्षरांशीं ताडून पाहत, पांच वेळां खोडून, स्वतः काढला.