आधी बोट, मग तांब्या!

पाण्यावाचून झाड मरतं हे तुम्हांला ठाऊक आहेच. पण लाडानंही मरतं बरं का! आमच्या घरी अगदी तसंच होता होता राहिलं.

वाडा सोडून ब्लॉकमध्ये आलो तेव्हा सासूबाईंनी, म्हणजे मुलांच्या आजीने, एक मनीप्लँट सोबत आणला होता. आजी गेली आणि घरातला प्रत्येक जण गुपचूप त्याला पाणी घालू लागला. सकाळी हे, दुपारी मी, संध्याकाळी मुलं! वेल पार पडद्याच्या दांडीपर्यंत पोचलेली. मग पानं पिवळी पडून मलूल झाली. "उन्हाळा आहे ना," म्हणत आम्ही आणखी एक तांब्या ओतला!

शेवटी कुंडी उलटी केली. कुबट वास, आणि मुळं काळी, लिबलिबीत. मुळांनाही श्वास लागतो. मातीच्या कणांमधली हवेची जागा पाण्यानं भरली की ती गुदमरतात, कुजतात. मुळंच नाहीत तर पाणी वर कोण पोचवणार? म्हणून चिखलात उभं झाडही तहानलेलं दिसतं, आणि आपण फसतो.

बुंधा गेला होता, वरची वेल मात्र टणक होती. नीट पाहा, पान फुटतं तिथे उसासारखं पेर असतं आणि त्यावर तपकिरी, टोकदार उंचवटा. तेच हवेतलं मूळ. नवा कोंबही पेरातूनच येतो. नुसतं पान पाण्यात ठेवून वेल होत नाही. धुतलेल्या कात्रीनं पेराखाली बोटभर जागा सोडून आम्ही अकरा तुकडे केले. खालचं पान काढलं, पेर बुडेल इतकं पाणी बरणीत घेतलं आणि बरणी उजेडात, पण उन्हाआड ठेवली. (हात धुवा हं! हा पाला चावला तर तोंडाची आग होते. घरात रांगतं बाळ असेल तर बरण्या उंचावर.) पाणी मात्र दर तीन-चार दिवसांनी बदलायचंच. डेंग्यू पसरवणारा डास अशाच साठलेल्या, स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

दोन तुकडे कुजले. नऊंना पंधरा दिवसांत पांढरी मुळं फुटली!

गंमत सांगू? हा वेल मूळचा प्रशांत महासागरातल्या मूरेआ बेटावरचा. त्याला फुलं जवळजवळ येतच नाहीत. फुलायला लागणारं जिबरेलिन हे संप्रेरक तो पुरेसं बनवू शकत नाही, असं 2016 साली शास्त्रज्ञांनी दाखवलं. म्हणजे घरोघरचे मनीप्लँट असे तुकड्यांतूनच वाढलेले. आमच्या बरणीत होती ती आजीचीच वेल, तिचं पिल्लू नव्हे!

मुळं बोटभर झाल्यावर माती, वाळू आणि शेणखत घालून, तळाला भोक असलेल्या कुंडीत लावली. आता पाण्याआधी मातीत दोन पेरं बोट खुपसायचं. ओलं लागलं तर पाणी नाही.

कुंडीवर मुलांनी चिठ्ठीच चिकटवली आहे. परवा हे तांब्या घेऊन आले, चिठ्ठी वाचली, बोट घातलं आणि मुकाट्यानं ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं!